टेप कपाटात, कपाट दुसऱ्या इमारतीत

नाशिकच्या पांडवलेण्यांत दहाव्या क्रमांकाच्या लेण्यात एक हिशेब कोरलेला आहे. क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याने भिक्खूसंघाला ३००० कार्षापणांची अक्षय ठेव दिली आणि ती गोवर्धन गावातल्या कोष्ट्यांच्या दोन श्रेणींकडे गुंतवली. एका श्रेणीकडे २००० ठेवले, दरमहा शेकडा एक व्याजाने. दुसरीकडे १०००, शेकडा पाऊण दराने. मुद्दलाला कोणी हात लावायचा नाही, व्याज तेवढे खायचे. मोठ्या ठेवीच्या व्याजातून लेण्यात वर्षावास करणाऱ्या २० भिक्खूंना प्रत्येकी १२ कार्षापण वस्त्रांसाठी मिळायचे. वीस बारे दोनशे चाळीस. आणि २००० वर महिना शेकडा एकने वर्षाचे व्याज होते तेही २४०. अठरा-एकोणीस शतके उलटली तरी हिशेबाचा ताळा बसतो.

याच लेखात पुढे आणखी एक गोष्ट सांगितली आहे. हे सगळे निगमसभेत वाचून दाखवले गेले आणि रिवाजाप्रमाणे ‘फलकवारा’त, म्हणजे नगराच्या दप्तरखान्यात, त्याची नोंद झाली. एक प्रत गावात फळ्यांवर, दुसरी डोंगरात दगडावर. माध्यमे दोन, जागाही दोन. गावातल्या फळ्यांचा आज मागमूस नाही. डोंगरातली प्रत मात्र कोणीही मुंबई-आग्रा रस्त्यावर उतरून, पायऱ्या चढून पाहू शकतो.

संगणकावरच्या माहितीचा बॅकअप म्हणतात तो मुळात एवढाच. अलीकडे त्याला ‘तीन-दोन-एक’ असे सुटसुटीत नाव मिळाले आहे. माहितीच्या तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या माध्यमांवर, आणि त्यांतली एक दुसऱ्या जागी. हा नियम रूढ केला तो पीटर क्रोग या अमेरिकी छायाचित्रकाराने, आपल्या फोटोंच्या काळजीपोटी. उषवदाताने त्यातले दोन आणि एक सांभाळले होते.

युनिक्स ही संगणकप्रणाली १९६९ मध्ये अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये जन्मली, आणि तिचा टेपशी घरोबा जुना आहे. फायली एकत्र बांधण्यासाठी जगभर वापरली जाणारी ‘टार’ ही आज्ञा आजही लाखो लोक रोज चालवतात. त्यांतल्या पुष्कळांना तिचे पूर्ण नाव ‘टेप अर्काइव्ह’ आहे हे ठाऊकही नसते. ती १९७९ च्या सातव्या आवृत्तीत आली. ठरल्या वेळी ठरलेले काम करणारा ‘क्रॉन’ हा कार्यक्रमही त्या आवृत्तीत होता. ग्रीक भाषेत ‘क्रोनोस’ म्हणजे काळ, त्यावरून हे नाव. म्हणजे माणूस झोपलेला असताना यंत्राने आपली नक्कल टेपवर उतरवावी, यासाठी लागणारे दोन्ही भाग तेव्हाच एका जागी आले होते. त्यानंतर बदलली ती मुख्यतः टेपची क्षमता.

महाराष्ट्रात हा प्रकार सामान्य माणसाच्या आसपास आला तो बँकांमुळे. रिझर्व्ह बँकेने नेमलेल्या रंगराजन समितीच्या १९८४ च्या अहवालानंतर बँकांत संगणक शिरू लागले आणि त्यांत युनिक्सचा वाटा मोठा होता. नव्वदच्या दशकात संगणकाचा क्लास लावलेल्या मराठी मुलांनी नागपूरच्या यशवंत कानेटकरांचे ‘युनिक्स शेल प्रोग्रॅमिंग’ हाताळले ते याच नोकऱ्यांकडे डोळे लावून. शाखेत संध्याकाळी ‘डे-एन्ड’ झाला की टेप घालायची, आज्ञा द्यायची, दिवा लुकलुकायचा थांबेपर्यंत बसायचे आणि मगच शटर ओढायचे, हा त्या काळच्या कर्मचाऱ्यांचा नित्यक्रम. लग्नसराईत, दिवाळीच्या आदल्या दिवशी किंवा शेवटची बस सुटायच्या वेळी त्या बॅकअपचे काय होत असेल, हे सांगायला नको. माणूस कंटाळतो. म्हणून क्रॉन.

समजा, नाशिकरोडला एक पतसंस्था आहे. तिचा सर्व्हर लिनक्सवर, म्हणजे युनिक्सच्याच भाऊबंदावर, चालतो. त्याला एलटीओ जातीचा टेप ड्राइव्ह जोडला आहे. ही टेप अर्धा इंच रुंद असते आणि तळहाताएवढ्या प्लॅस्टिकच्या डबीत गुंडाळलेली असते. २००० साली आलेल्या पहिल्या पिढीच्या टेपवर १०० गिगाबाइट मावत. २०२१ मध्ये आलेल्या नवव्या पिढीच्या टेपवर १८ टेराबाइट मावतात आणि आतली पट्टी एक किलोमीटरहून लांब असते. पतसंस्थेची सगळी खाती तिच्या एका कोपऱ्यात बसतील. तरीही रोज वेगळीच टेप घालायची. का, ते पुढे येईल.

पहिला घोळ होतो तो नावाचा. युनिक्समध्ये प्रत्येक यंत्राला फाइलसारखे नाव असते. लिनक्समध्ये एकाच टेप ड्राइव्हला दोन नावे असतात. एक ‘एसटी-झीरो’ आणि दुसरे ‘एनएसटी-झीरो’. ड्राइव्ह तोच, फरक फक्त एका ‘एन’चा. पहिल्या नावाने टेप उघडली तर काम संपताच ती आपोआप सुरुवातीपर्यंत गुंडाळली जाते. दुसऱ्या नावाने उघडली तर जिथे लिहिणे थांबले तिथेच उभी राहते. आता कोणी आधी खात्यांचा बॅकअप घेतला, मग त्याच टेपवर सभासदांच्या सह्यांचा, आणि दोन्ही वेळा पहिलेच नाव वापरले, तर सह्या खात्यांच्या उरावर लिहिल्या जातात. संगणक चुकूनही कुरकुरत नाही. त्याच्या मते सांगितलेले काम चोख झाले. टेप हाताळणाऱ्या कित्येकांनी हा धडा एकदा तरी ठेच लागूनच घेतलेला असतो.

दुसरे काम म्हणजे काय उतरवायचे ते ठरवणे. चालू डेटाबेसच्या फायली तशाच उचलून टेपवर टाकणे म्हणजे दुकानदार लिहीत असतानाच त्याच्या चोपडीचा फोटो काढणे. जमेची बाजू आली, नावेची यायची राहिली. म्हणून आधी डेटाबेसकडून त्याची सुसंगत नक्कल एका फाइलीत काढून घ्यायची आणि ती टेपवर पाठवायची. रोज सगळेच पाठवण्याची गरज नसते. युनिक्सच्या ‘डम्प’ या जुन्या आज्ञेत शून्य ते नऊ अशा पातळ्या आहेत. शून्य म्हणजे सगळे, त्यावरच्या पातळ्या म्हणजे आधीच्या खालच्या पातळीनंतर जेवढे बदलले तेवढेच. रोजकीर्द रोज लिहायची आणि आठवड्याला खतावणी पुरी करायची, असा हा जुनाच शहाणपणा.

मग क्रॉनची ओळ. तिच्यात पाच खाने असतात, मिनिट, तास, महिन्याची तारीख, महिना आणि वार. त्यापुढे कामाचे नाव. पतसंस्थेची ओळ अशी सुरू होईल:

३० २ * * २-६

यंत्रावर आकडे अर्थात इंग्रजीत टंकायचे. अर्थ असा, की पहाटे अडीच वाजता, कुठल्याही तारखेला, कुठल्याही महिन्यात, मंगळवार ते शनिवार. सोमवार ते शुक्रवार का नाही? कारण सोमवारचे व्यवहार संपल्यावर येणारी पहाट मंगळवारची असते. हा हिशेब चुकला की शुक्रवारचे काम रविवारपर्यंत एकाच डिस्कवर लोंबकळत राहते. शनिवारचे कामकाज धरून रविवारी पहाटे पूर्ण बॅकअप, त्यासाठी वेगळी ओळ.

क्रॉन स्वभावाने सरकारी कारकुनासारखा आहे. सांगितले तेवढेच करतो, आणि वेळ हुकली तर हुकली. रात्री दोनला वीज गेली, यूपीएसने मान टाकली आणि चारला सर्व्हर पुन्हा उठला, तर अडीचचे काम त्या दिवसापुरते बुडाले. ज्यांनी महाराष्ट्रातले भारनियमन सोसले त्यांना हे वेगळे सांगायला नको. चुकलेले काम नंतर उरकणारा ‘अनाक्रॉन’ नावाचा दुसरा कार्यक्रम यासाठीच निघाला. दुसरी खोड अशी, की क्रॉन काम चालवतो तेव्हा माणसाच्या खात्यातल्या नेहमीच्या सोयी त्याच्याजवळ नसतात. कुठली आज्ञा कुठल्या कप्प्यात आहे याची यादी त्याच्याकडे फार त्रोटक असते. त्यामुळे हाताने चालवलेली स्क्रिप्ट, म्हणजे आज्ञांची फाइल, सुरळीत चालते आणि रात्री तीच आडवी पडते. उपाय साधा आहे. स्क्रिप्टमध्ये प्रत्येक आज्ञेचा पूर्ण पत्ता लिहायचा.

काम करताना काही बोलायचे असेल तर क्रॉन ते ईमेलने कळवतो. रोजच्या रोज येणाऱ्या या पत्रांना वैतागून पुष्कळ जण ती ‘नल’ नावाच्या बिनतळाच्या विहिरीत सोडून देतात. ही सोय म्हणजे आगीची घंटा झोपमोड करते म्हणून काढून ठेवणे. त्यापेक्षा जुन्या ऑपरेटरांची एक युक्ती फार चांगली. बॅकअप नीट झाला, तपासून झाला, तरच स्क्रिप्टने टेप ड्राइव्हबाहेर काढायची. सकाळी शिपाई दार उघडतो तेव्हा टेप अर्धी बाहेर आलेली असली की रात्र बरी गेली. आतच असली की साहेबांना फोन. ईमेल न वाचणाऱ्यालाही हे कळते.

आता रोज वेगळी टेप का, ते. एकच टेप रोज वापरली तर ती झिजते, हा लहान मुद्दा. मोठा मुद्दा असा, की चूक उशिरा लक्षात येते. एखाद्या सभासदाचे खाते चुकून पुसले गेले आणि तो तीन आठवड्यांनी पासबुक भरायला आला, तर कालची टेप निरुपयोगी. तिच्यावर चुकीचीच प्रामाणिक नक्कल आहे. म्हणून टेपांच्या तीन पिढ्या ठेवतात. इंग्रजीत त्यांना आजोबा-वडील-मुलगा अशीच नावे आहेत. रोजच्या पाच टेपा हे मुलगे, दर आठवड्याला पुन्हा त्याच वापरायच्या. रविवारच्या चार टेपा वडील, महिनाभर टिकणाऱ्या. महिन्याच्या शेवटच्या रविवारची टेप आजोबा, वर्षभर कपाटात. पाच, चार आणि बारा मिळून २१ टेपा झाल्या. डबीवर चिठ्ठी हाताने आणि ठळक अक्षरांत लावायची, कारण गडबडीत आजोबांवर लिहिले गेले की गेले. अपोलो ११ च्या चांद्रमोहिमेचे मूळ दूरमापन नोंदवलेल्या टेपा नासाने पुढे पुसून पुन्हा वापरल्या असाव्यात, असा निष्कर्ष २००९ मध्ये निघाला. तिथे हे होते, तर पतसंस्थेचे काय घ्या.

इथपर्यंत यंत्राचे काम. टेप इमारतीबाहेर नेणे मात्र क्रॉनच्या हातात नाही, आणि नाशिकमध्ये हा भाग सर्वांत महत्त्वाचा, कारण इथे गोदावरी आहे. पंचवटीला दुतोंड्या मारुतीच्या अंगावर पाणी कुठवर चढले यावरून शहर पुराचा अंदाज घेते. गंगापूर धरणातून विसर्ग वाढला की सराफ बाजार आणि भांडी बाजारातल्या दुकानदारांची आवराआवर सुरू होते. सप्टेंबर २००८, ऑगस्ट २०१६, ऑगस्ट २०१९ असे मोठे पूर अलीकडच्या काळातलेच. अशा जागी तळमजल्यावर सर्व्हर आणि त्याच्याच खालच्या खणात टेपा ठेवणे म्हणजे दोन्ही मुले एकाच होडीत बसवणे. पाण्याचे तसेच आगीचे. २१ जून २०१२ ला मुंबईत मंत्रालयाच्या चौथ्या मजल्यावर लागलेली आग वर पसरली आणि कित्येक खात्यांच्या फायली जळाल्या. ज्या कागदाची दुसरी प्रत त्याच मजल्यावर होती, तिचा उपयोग शून्य.

म्हणून पतसंस्थेने रविवारची टेप सोमवारी दुसऱ्या शाखेत पाठवावी, नदीपासून दूर आणि उंचावर. सातपूरला ईएसडीएस कंपनीचे डेटा सेंटर आहे, म्हणजे पैसे मोजून माहिती सांभाळून देणारी सोयही शहरात आहे. पण लहान संस्थेला एक विश्वासू माणूस, एक कुलूपबंद पेटी आणि नेल्या-आणल्याची सही घेणारी वही पुरते. टेपेला दमट हवा आणि ऊन सोसत नाही. ती पावसाळ्यात गाडीच्या डिकीत विसरू नये, आणि बाहेरून आणल्यावर खोलीच्या हवेला रुळू द्यावी. माहिती सांकेतिक करून लिहायची सोय एलटीओच्या चौथ्या पिढीपासून ड्राइव्हमध्येच आहे. ती वापरावी. फक्त ती माहिती उलगडायची किल्ली टेपच्याच पेटीत ठेवू नये, आणि हरवूही नये.

तरीही सगळ्यात जास्त बॅकअप मरतात ते पुराने किंवा आगीने नव्हे. ते मुळात कधी जन्मलेलेच नसतात.

पिक्सार कंपनीत १९९८ च्या सुमारास ‘टॉय स्टोरी २’ या चित्रपटाचे काम चालू असताना कोणीतरी चुकीच्या जागी पुसण्याची आज्ञा दिली आणि चित्रपटाच्या फायली पडद्यासमोर एकेक नाहीशा होऊ लागल्या. बॅकअप टेपवर होता. परत आणायला गेले तेव्हा कळले, की तो बरेच दिवस नीट होतच नव्हता. चित्रपट वाचला तो गेलिन सुसमन या तांत्रिक दिग्दर्शिकेमुळे. बाळंतपणानंतर घरून काम करता यावे म्हणून त्यांनी घरच्या संगणकावर एक प्रत ठेवली होती. दुसऱ्या जागची प्रत, तीही योगायोगाने.

याचाही नाशिकचा नमुना पांडवलेण्यांतच मिळतो. तिसऱ्या लेण्यात गौतमीपुत्र सातकर्णीच्या काळचा एक हुकूम कोरला आहे. ककडी गावातले शेत आधी भिक्खूंना दान दिले होते. पण ते शेत कसले जात नाही, आणि गावातही वस्ती उरलेली नाही. तेव्हा त्याऐवजी नगराच्या शिवेवरचे शंभर निवर्तने शेत द्यावे. दान कागदोपत्री बरोबर होते. शेतावर कोणीतरी जाऊन पाहिले असावे, तेव्हा ते पडीक असल्याचे कळले. बॅकअपच्या लॉगमध्ये ‘यशस्वी’ असे लिहिलेले असते, ते त्या पहिल्या दानासारखे. टेप घालून, माहिती परत उतरवून, उघडून पाहिल्याशिवाय शेत पिकते की पडीक आहे हे कळत नाही.

ही तपासणी कशी करायची? टारमध्ये टेपवरची प्रत मूळ फायलींशी ताडून पाहायची सोय आहे, ती रोजच्या स्क्रिप्टमध्येच घालावी. ते मात्र पुरेसे नाही. तिमाहीला एकदा वेगळ्या संगणकावर आठवड्याची टेप पूर्ण उतरवावी, डेटाबेस सुरू करावा आणि एका खात्याची शिल्लक छापील पुस्तकाशी ताडावी. किती वेळ लागला तोही लिहून ठेवावा. संकटाच्या दिवशी संचालक मंडळ पहिला प्रश्न तोच विचारते. हे काम रोज बॅकअप सांभाळणाऱ्याने नव्हे, दुसऱ्याने करावे आणि समोर फक्त लिहून ठेवलेल्या सूचना असाव्यात. सूचनांतला राहिलेला टप्पा असाच सापडतो.

आज क्लाउड आहे, स्वस्त डिस्क आहेत, मग टेप कशाला, हा प्रश्न रास्त आहे. नवा ड्राइव्ह लाखांत जातो, आणि दहा माणसांच्या कचेरीने तो घ्यावा असे कोणी म्हणणार नाही. पण फेब्रुवारी २०११ मध्ये जीमेलच्या काही वापरकर्त्यांच्या पेट्या अचानक रिकाम्या झाल्या. सॉफ्टवेअरमधल्या चुकीने एकाहून अधिक डेटा सेंटरांतल्या प्रती पुसल्या होत्या. गूगलने ती पत्रे परत आणली ती टेपवरून, कारण टेपा यंत्राला जोडलेल्या नव्हत्या. नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या एम्स रुग्णालयावर खंडणीखोर सॉफ्टवेअरचा हल्ला झाला आणि कित्येक दिवस केसपेपर हाताने लिहावे लागले. असे सॉफ्टवेअर जोडलेल्या प्रत्येक डिस्कपर्यंत पोचते, बॅकअपच्या डिस्कपर्यंतही. कपाटातल्या टेपपर्यंत त्याचा हात जात नाही. मोठ्या संशोधन संस्थाही टेप सोडायला तयार नाहीत. जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेचा डेटा आजही टेपवर साठतो.

जपलेल्या जुन्या माहितीतून काय निघू शकते याचे उदाहरण नाशिक-पुणे रस्त्यावरच आहे. नारायणगावजवळ खोडदला गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून उभ्या राहिलेल्या जीएमआरटी दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या आहेत. त्यांनी २०१० ते २०१२ या काळात आकाशाची पाहणी केली. तो साठा सांभाळलेला होता म्हणून दुसऱ्या संशोधकांनी तो नव्या पद्धतीने पुन्हा चाळला, आणि २०१७ मध्ये सुमारे सहा लाख वीस हजार रेडिओ स्रोतांची यादी प्रसिद्ध झाली. आकाशाचा ९० टक्के भाग तीत आला. माहिती तीच, पाच वर्षे जुनी.

राहिली एक अडचण, आणि ती टेपेची नसून ड्राइव्हची आहे. उत्पादक टेपेला तीस वर्षांचे आयुष्य सांगतात. पण नवव्या पिढीचा एलटीओ ड्राइव्ह फक्त आठव्या आणि नवव्या पिढीच्या टेपा वाचतो. २०१५ च्या सिंहस्थाच्या वेळी ज्या कचेऱ्यांनी आपले दप्तर टेपवर उतरवले असेल, त्यांच्या टेपा बहुधा सहाव्या पिढीच्या किंवा त्याआधीच्या. पुढच्या सिंहस्थाला, २०२७ मध्ये, नवा ड्राइव्ह विकत आणून त्या घातल्या तर तो त्या ओळखणार नाही. अशा टेपा कोणाच्या कपाटात असतील, तर त्या वाचणारा जुना ड्राइव्ह धडका आहे तोवर नव्या माध्यमावर उतरवून घ्याव्यात.